आंबट पाणी घशाशी येतं? मिरचीआधी घड्याळ तपासा

रात्री साडेनऊला जेवण. दोन भाकरी, वांग्याची तर्रीदार भाजी, शेवटी भात आणि वर तांब्याभर पाणी. दहाला बाजेवर आडवं. बारा-साडेबाराला छातीच्या मधोमध आग, घशात आंबट-कडू पाणी, ठसका. सकाळी घसा बसलेला, तोंड कडू. मग दिवसभर ‘पित्त उसळलं’ म्हणायचं, मिरचीला दोष द्यायचा, सोडा प्यायचा आणि रात्री पुन्हा साडेनऊलाच ताटावर बसायचं.

विदर्भातल्या खेड्यांत या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा तिखटात कमी आणि जेवणाच्या वेळेत, खर्ऱ्यात (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणात), एका बसणीच्या मापात आणि तेलात जास्त असतं. म्हणून इथल्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. पहिल्या तीन नीट पाळल्या तर बऱ्याच जणांना आवडीची भाजी सोडावीच लागत नाही.

पोटात काय बिघडतं

आपण सरसकट ‘पित्त’ म्हणतो, पण वर येतं ते सहसा पित्त नसतं. पित्त यकृतात तयार होतं आणि पुढे आतड्यात उतरतं. घशाशी येतो तो जठरातला आम्लरस. अन्न पचवायला तो लागतोच, आणि जठराच्या आतल्या अस्तराला तो सोसतो. अन्ननलिकेला मात्र तसं अस्तर नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं आहे, त्याला झडप म्हणू. घास खाली जाताना ती उघडते आणि लगेच मिटते. ती नको तेव्हा ढिली पडली की आम्ल वर चढतं आणि छाती जळते.

झडप ढिली पडण्याची कारणं ओळखीची आहेत. पोट गच्च भरून ताणलं गेलं की ती वारंवार उघडते. तेलकट जेवण जठरात जास्त वेळ पडून राहतं, म्हणजे वर यायला माल जास्त वेळ हजर असतो. तंबाखूतलं निकोटिन आणि दारू यांनी ती सैल होते. वाकून काम केलं, कमरेला नाडी करकचून बांधली, पोट सुटलं किंवा गर्भारपण असलं की खालून दाब येतो. आणि आडवं झालं की आम्लाला खाली ठेवणारा उतारच संपतो. उभ्या माणसात वर आलेलं आम्ल वजनाने परत खाली जातं, लाळ गिळली की उरलंसुरलं धुऊन निघतं. झोपेत लाळही कमी आणि गिळणंही कमी. रात्रीची जळजळ दिवसापेक्षा जास्त इजा करते ती यामुळे.

हे डोक्यात असलं की पुढची प्रत्येक पायरी कशासाठी आहे ते आपोआप कळतं.

पहिली पायरी : आठ दिवसांची नोंद

काहीही बदलण्याआधी आठ दिवस फक्त लिहा. पोराची जुनी वही चालेल. रोज एक ओळ : शेवटचं जेवण किती वाजता, काय आणि किती, चहा किती कप, खर्रा किती, आडवं कधी झालो, जळजळ कधी आणि किती. जळजळीला शून्य ते तीन असे गुण द्या. शून्य म्हणजे काही नाही, तीन म्हणजे झोपेतून उठवलं. लिहिता येत नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या रात्री त्रास झाला त्या तारखेवर फुली मारा आणि उशिरा जेवलो त्या तारखेला गोल करा. फुली आणि गोल एकाच चौकटीत किती वेळा येतात ते आठ दिवसांनी घरातलं कोणीही सांगेल.

ही नोंद टाळू नका. बहुतेक माणसं आठवणीवर भिस्त ठेवतात, आणि आठवण नेहमी शेवटच्या तिखट भाजीवर बोट ठेवते.

दुसरी पायरी : जेवण आणि झोप यांत तीन तास

शेवटचा घास आणि आडवं होणं यांत किमान तीन तास हवेत. दहाला झोपत असाल तर सातला ताट पुढे पाहिजे. एवढी एकच गोष्ट नीट जमली तर रात्रीचा त्रास बऱ्याच अंशी उतरतो.

सांगायला सोपं, गावात पाळायला अवघड. शेतातून घरी यायला सात वाजतात, मग आंघोळ, ढोरांचं चारापाणी, चूल. तेव्हा स्वयंपाकाचा काही भाग आधी उरकून ठेवावा लागतो. वरण दुपारीच शिजवून ठेवा, संध्याकाळी फक्त फोडणी आणि भाकर. हेही जमत नसेल तर जेवणाची वाटणी उलटी करा : मोठं जेवण दुपारी शिदोरीत, आणि रात्री दोन ऐवजी एक भाकर, पातळ वरण, एवढंच. साडेआठला हलकं जेवून अकराला झोपलं तरी साडेनऊला भरपेट जेवून दहाला झोपण्यापेक्षा ते पुष्कळ बरं.

घरातल्या बाईचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. सगळ्यांचं वाढून झाल्यावर ती दहाला जेवते, भांडी आवरते आणि लगेच पडते. सकाळी पुन्हा अकरापर्यंत फक्त चहावर. म्हणजे उपाशी पोटी चहा आणि भरल्या पोटी झोप, दोन्ही चुका रोज, आणि त्याही तिच्या हातात नसलेल्या. यावर औषध एकच : घरच्यांनी तिला आपल्यासोबत ताटावर बसवावं. ते सुरू होईपर्यंत तिने सहा-साडेसहाला अर्धी भाकर आणि थोडं वरण खाऊन घ्यावं, म्हणजे रात्रीचं जेवण आपोआप लहान होतं.

रब्बीत हरभऱ्या-गव्हाला पाणी देताना शेताला रात्रीची लाईन (वीज) असली की सगळं वेळापत्रक मोडतं. त्या आठवड्यात असं करा. संध्याकाळी सातला नेहमीचं जेवण घरीच करा. शेतात मूठभर फुटाणे किंवा चतकोर भाकर न्या, भूक लागली तर बारापर्यंत तेवढंच. दोन-अडीचला घरी आल्यावर झाकून ठेवलेलं ताट उघडू नका. फारच भूक असेल तर चार घास साधा वरण-भात, अर्धा तास बसून राहायचं आणि मग डाव्या कुशीवर. रात्री जागायला म्हणून चहावर चहा आणि खर्ऱ्यावर खर्रा होतो, त्या आठवड्यात जळजळ वाढते ती पाण्याच्या पाळीने नव्हे, त्यानेच.

दुपारचं राहिलं. शिदोरी खाल्ल्यावर निंबाखाली ताणून देण्याची सवय असते. उन्हाळ्यात सावलीत विसावा घ्यायलाच हवा, पण सपाट झोपू नका. बुंध्याला पाठ टेकून, पाय पसरून बसा. आणि जेवल्याबरोबर वाकायचं काम धरू नका. निंदण, सोयाबीनची सोंगणी, धानाची रोवणी, कापूस वेचणी ही सगळी कामं पोटावर दाब आणणारी. जेवण झाल्यावर अर्धा-पाऊण तास उभ्याने होतील अशी कामं घ्या. कापूस वेचताना कमरेला बांधलेलं फडकं भरत जातं तसं पोटात रुतत जातं, ते खांद्यावरून घेतलं तर त्रास कमी होतो. लुगड्याची गाठ, लेंग्याची नाडी, पँटचा पट्टा, सगळं एक बोट आत जाईल इतकं सैल.

रात्री जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं हळू शतपावली घाला. जोरात चालायचं नाही.

तिसरी पायरी : बाज उशाकडून उंच करा

रात्री त्रास होणाऱ्यांनी ही पायरी सोडू नये. पैसे लागत नाहीत.

बाजेचे किंवा पलंगाचे उशाकडचे दोन पाय १५ ते २० सेंटीमीटर, म्हणजे ६ ते ८ इंच उचलायचे. नेहमीची वीट साधारण ३ इंच जाड असते, तेव्हा प्रत्येक पायाखाली आडव्या दोन विटा म्हणजे ६ इंच. विटा एकमेकींवर सरकतात, म्हणून लाकडाचे ठोकळे मिळाले तर उत्तम. सुताराकडून वरच्या बाजूला पाय बसेल एवढी खोलगट खाच करून घ्या. ठेवल्यावर आधी बसून, हलवून पाहा आणि मगच झोपा. दोरीची बाज मधे झोळीसारखी खचली असेल तर पाय उचलून उपयोग नाही, कंबर खाली आणि पोट दुमडलेलं राहतं. आधी पायथ्याची दोरी ओढून बाज ताणून घ्या.

दोन-तीन उशा घेणं म्हणजे उशाकडून उंच करणं नव्हे. उशांनी फक्त मान आणि पाठीचा वरचा भाग दुमडतो, पोटावर दाब येतो, आणि काही जणांचा त्रास उलट वाढतो. उतार कमरेपासून डोक्यापर्यंत सरळ हवा.

जमिनीवर सतरंजी टाकून झोपणाऱ्यांनी गादीखाली उतार रचावा. जुन्या गोधड्या किंवा रिकामी पोती घडी करून कमरेपाशी एक थर, पाठीखाली दोन-तीन, खांद्याखाली चार-पाच असं वाढवत जा, खांद्यापाशी उंची ६ इंचाच्या वर आली पाहिजे. उन्हाळ्यात अंगणात झोपता तेव्हा जमिनीचा चढ बघून डोकं चढाकडे करा.

कूस डावी. जठराचा आकार आणि बसण अशी आहे की डाव्या कुशीवर आम्लाचं डबकं झडपेच्या खाली राहतं. उजव्या कुशीवर तेच झडपेवर येतं. झोपेत कूस बदलते, त्याची चिंता नको. झोप लागताना डावी ठेवा, पहिले काही तास महत्त्वाचे.

चौथी पायरी : खर्रा, चहा, दारू

खर्ऱ्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण गावात तो खाणं धरतच नाहीत. डॉक्टरने ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर ‘नाही, फक्त खर्रा’ असं उत्तर येतं. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना. निकोटिन झडप ढिली करतं, चुना आणि तंबाखूचा रस गिळला की जठर चिडतं, आणि लाळेचं म्हणाल तर ती थुंकून जाते, जी खरं तर अन्ननलिका धुण्यासाठी हवी होती. सकाळी उठल्याबरोबर अनशापोटी घेतलेला आणि रात्री जेवणावर घेतलेला, हे दोन सगळ्यांत वाईट. तोंड उघडेनासं होणं आणि तोंडाचा कर्करोग हे धोके वेगळेच, आणि छातीच्या जळजळीपेक्षा फार मोठे.

एकदम सुटत नसेल तर आधी हे दोन खर्रे बंद करा. मग दर चार दिवसांनी दिवसातला एक कमी. हात पन्नीकडे गेला की भाजलेली बडीशेप किंवा दोन-चार फुटाणे तोंडात टाका. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी मोफत फोनसेवा आहे : १८००-११-२३५६.

चहा सोडा असं कोणी सांगितलं तर कोणी ऐकत नाही, आणि सगळ्यांना सोडावाही लागत नाही. दिवसाला पाच-सहा कप असतील तर दर तीन दिवसांनी एक कमी करत दोनावर या. एकदम बंद केला तर डोकं दुखतं आणि माणूस दुसऱ्याच दिवशी परत सुरू करतो. पहिला कप कधीही रिकाम्या पोटी नको. आधी मूठभर मुरमुरे किंवा भाकरीचा तुकडा. चुलीवर तासभर उकळत राहिलेला काळाकुट्ट चहा जास्त बाधतो. संध्याकाळी पाचनंतर चहा नको. लिंबू पिळलेला काळा चहा ‘पित्तावर चांगला’ समजून घेतात, त्यात तर आंबट आणि चहा दोन्ही आले.

मोहाची असो की दुकानातली, दारूने झडप सैल होते, जठराला सूज येते, आणि पिऊन झोपलेल्या माणसाच्या घशात आलेलं आम्ल श्वासनलिकेत उतरू शकतं. हे जीवावर बेतणारं आहे.

पाचवी पायरी : ताट

आता ताटाकडे येऊ. एका बसणीला पोटाचा पाऊण भाग भरला की थांबायचं. रोजचं अन्न दोन वेळांऐवजी चार वेळांत वाटा : सकाळी आठला, दुपारी बारा-साडेबाराला, चार-पाचला थोडं, संध्याकाळी सातला. एकूण खाणं तेवढंच राहू द्या. कष्टाच्या शरीराला उपाशी ठेवून हा आजार बरा होत नाही.

तेल मोजा. घरात चार माणसं असतील तर महिन्याला दोन ते अडीच लिटर तेलात भागवायचं लक्ष्य ठेवा. कॅनमधून थेट कढईत ओतलं की मोजमाप राहत नाही, चमच्याने घाला. चार माणसांच्या भाजीला पोहे खायचे दोन ते तीन चमचे पुरतात. सावजी पद्धतीच्या रश्शात त्रास देते ती वर तरंगणारी तर्री. मसाला कमी तेलात, पाण्याचा हबका देत देत परता, सुकं खोबरं अर्धं करा, आणि वाढताना वरची तर्री पळीने बाजूला काढा. चव मसाल्यात आहे, ती रश्शात उतरलेलीच असते. पातोडीचा रस्सा, वांगी, आलू-वांगं सगळ्याला हेच लागू.

ज्वारीची भाकर, साधं किंवा फोडणीचं वरण, मुगाची खिचडी, कण्या, पूर्वेकडच्या जिल्ह्यांत तांदळाची पेज, दोडका, लौकी, कोहळं, पालक, केळी, पपई हे बहुतेकांना सोसतं. तुरीचं वरण मऊ शिजलेलं असू द्या. भात बाधतो असा समज आहे. भात हलका असतो, पण भाकरीवर आणखी दोन मुदी घेतल्या की पोट ताणतं. दोन्हीपैकी एक घ्या.

आंबटाचं काय? अंबाडीची भाजी, चिंच, भेदरं (टमाटे), आंबट ताक, कैरीचं पन्हं यांनी आधीच सोललेल्या अन्ननलिकेला झोंबतं. संत्र्याच्या हंगामात वरूड, मोर्शी, काटोलकडे दिवसाला आठ-दहा संत्री सहज जातात. रिकाम्या पोटी आणि रात्री टाळा, दुपारच्या जेवणानंतर तासाभराने एखादं खाऊन पाहा. सोसलं तर सोडायचं कारण नाही. ताक ताजं, गोडसर आणि पातळ असेल तर बऱ्याच जणांना बरं वाटतं, आंबलेलं असेल तर उलट.

दूध फसवं आहे. थंड दूध प्यायल्यावर पाच-दहा मिनिटं आग शमते, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल सोडायला लावतात. झोपताना पेलाभर दूध पिऊन लगेच आडवं होणं म्हणजे दुसरी पायरी मोडणं. घ्यायचंच तर साय काढलेलं अर्धा पेला, दुपारी.

मिरचीचा नंबर इथे लागतो. तिखटाने सगळ्यांचीच झडप ढिली होत नाही, पण सुजलेल्या जागेवर ते झोंबतं. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ठेचा आणि मिरचीची भजी पूर्ण बंद. तोंडी लावायला जवसाची चटणी घ्या, मिरची नावापुरती. कच्चा कांदा आणि कच्चा लसूण काही जणांना तिखटापेक्षा जास्त बाधतो. चुनासोबत, म्हणजे बेसनाच्या पिठल्यासोबत, फोडलेला कांदा खाऊन त्रास होत असेल तर पिठल्याला दोष देण्याआधी कांदा वगळून पाहा. पुदिना पचनाला चांगला मानतात, तो झडप सैल करतो. आलूबोंडा, कचोरी, तर्री-पोहे हे बाजाराच्या दिवशीचं खाणं रिकाम्या पोटी नको.

त्रास दोन आठवडे शांत राहिला की बंद केलेले पदार्थ एकेक करून परत आणा. एक पदार्थ, थोडा, दुपारी, आणि तीन दिवस वाट पाहा. एकदम चार पदार्थ सुरू केले तर कोणता बाधला ते कळत नाही.

पाणी कमी करू नका. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो तिथे ते धोक्याचं आहे. फक्त जेवणावर तांब्याभर एकदम ओतू नका. जेवताना घोट-दोन घोट, बाकी दोन जेवणांच्या मधे.

उपास आणि पंगत : संकष्टीला दिवसभर चहा आणि रात्री चंद्रोदयानंतर नऊ-साडेनऊला भरपेट जेवण, हा या आजाराला खास आवडणारा बेत आहे. ज्यांना त्रास आहे त्यांनी दिवसा केळी, राजगिरा, भगर असं दर तीन तासांनी थोडं घ्यावं, तळलेल्या आलूच्या कीस-पापडाऐवजी उकडलेलं रताळं घ्यावं आणि उपास थोडक्या जेवणाने सोडावा. सप्ताहाचा काला, तेरवी, लग्न, महालक्ष्मीचं जेवण दुपारी असेल तर निवांत जेवा आणि रात्री फक्त पेज किंवा ताक-भात. आग्रहाला ‘पोटाचं औषध चालू आहे’ एवढं सांगणं पुरतं.

सहावी पायरी : गोळ्या, सोडा आणि अंगदुखीची औषधं

रात्री अचानक जळजळ उठली तर उठून बसा, नाडी सैल करा, अर्धा पेला पाणी घोट घोट घ्या, थोडं चाला. पातळ अँटासिड घरात असेल तर दोन छोटे चमचे. अर्धा तास आडवं होऊ नका. घशात बोटं घालून उलटी काढण्याची पद्धत कायमची सोडा. तिने जळलेल्या नळीतून आम्ल पुन्हा जातं, दात झिजतात आणि कधी अन्ननलिकेला चीर पडून रक्त येतं. उलटी झालीच तर साध्या पाण्याने चूळ भरा, दात लगेच घासू नका, अर्ध्या तासाने घासा.

खाण्याचा सोडा किंवा फसफसणारी पावडर तात्पुरती आग विझवते, पण वायू सुटून पोट फुगतं आणि झडप पुन्हा उघडते. त्यात सोडियम भरपूर असतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ते घेऊच नये. आठवड्यातून दोनदा त्याची गरज पडत असेल तर दवाखाना गाठा.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या चुकीच्या वेळी घेतल्याने निम्म्या वाया जातात. त्या आम्ल तयार करणारे पंप बंद करतात, आणि ते पंप जेवणाने सुरू होतात. म्हणून सकाळच्या खाण्याआधी ३० ते ६० मिनिटं, रिकाम्या पोटी, पाण्यासोबत. जळजळ सुरू झाल्यावर घेतली तर लगेच गुण येत नाही. डॉक्टर साधारण ४ ते ८ आठवड्यांचा कोर्स देतात. वर्षानुवर्षं मेडिकलमधून आणून खाणं बरोबर नाही. खूप दिवस घेऊन एकदम थांबवली तर काही दिवस आम्ल जास्तच तयार होतं आणि ‘गोळीशिवाय जमतच नाही’ असं वाटतं. बंद कशी करायची तेही डॉक्टरलाच विचारा.

आता खरी चोर औषधं. वेचणी-सोंगणीच्या दिवसांत कंबर दुखते म्हणून किराण्यातून किंवा मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आणून रोज खाल्ल्या जातात. त्यांनी जठराचं अस्तर सोलतं, जखमा होतात, रक्तस्राव होतो. पोटाचा त्रास असेल तर डॉक्टरला न विचारता त्या घेऊ नका. लोहाच्या गोळ्या, आणि स्क्रब टायफसच्या तापात मिळणारी डॉक्सिसायक्लिन, अन्ननलिकेत अडकली तर तिथेच जखम करते. त्या पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका. रक्तदाब आणि दम्याच्या काही औषधांनीही झडप ढिली पडते, पण ती स्वतःहून थांबवायची नाहीत. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरला दाखवा.

गर्भारपणात शेवटच्या महिन्यांत हा त्रास फार जणींना होतो. तिथे लहान लहान जेवणं, बाजेचा उतार आणि डावी कूस यावर भर द्या. गोळी फक्त आशाताई किंवा नर्सताईंना विचारून, दवाखान्यातूनच.

हे आम्ल नाही, थांबू नका

छातीत दाब, जडपणा किंवा आवळल्यासारखं, सोबत घाम, दम, आणि दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारं, हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. चालताना किंवा ओझं उचलताना येतं आणि थांबलं की जातं, तेही हृदयाचंच लक्षण. मधुमेह्यांत, बायकांत आणि वयस्कांत नुसतं ‘गॅस झाल्यासारखं’ वाटूनही झटका येतो. सोडा देऊन, पाठ चोळून तास घालवू नका. १०८ ला फोन करा. ईसीजी काढून काही निघालं नाही तर बरंच.

फवारणीच्या दिवसांत मळमळ, उलटी, पोटात कळ यासोबत तोंडाला लाळ, घाम, धूसर दिसणं, हातापायांचे स्नायू फडफडणं असेल तर ती कीटकनाशकाची विषबाधा समजा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली. कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवा, औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत घ्या आणि थेट रुग्णालयात न्या.

यांखेरीज पुढचं काहीही असेल तर घरगुती पायऱ्यांवर विसंबू नका : घास अडकणं किंवा गिळताना दुखणं, रक्ताची किंवा चहाच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौच, कारण नसताना वजन उतरणं, रक्त कमी होणं, सतत उलट्या, किंवा पन्नाशी-पंचावन्ननंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण चिकट आणि घाण वासाची असेल तर दाखवाच. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्याला घास अडकू लागला तर एक आठवडाही थांबायचं नाही.

चार आठवडे सगळं पाळूनही फरक नसेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. गरज असेल तर ते दुर्बिणीच्या तपासणीसाठी पुढे पाठवतात, नागपूरचं मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणी. जाताना नोंदीची वही आणि गोळ्यांची पाकिटं न्या. तपासणी रिकाम्या पोटी होते, आदल्या रात्रीनंतर सहा ते आठ तास काही खायचं नसतं, खर्राही नाही. घशात सुन्न करणारं औषध मारतात, नळी आत जाते, काही मिनिटांत काम होतं. नंतर घशाचा सुन्नपणा जाईपर्यंत, साधारण तासभर, काही खाऊ-पिऊ नका, नाहीतर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. गुंगीचं इंजेक्शन दिलं असेल तर त्या दिवशी स्वतः गाडी चालवत परत येऊ नका, घरचं एक माणूस सोबत न्या.